डिझेल गाडी, ७८,००० किमी: टायमिंग बेल्ट आत्ता बदलू की गणपतीनंतर?

घाटवळण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये सेकंडहँड डस्टर घेतली. डिझेल, ८५ पीएसवाली, २०१५ चं मॉडेल. रीडिंग ७८,०००. आधीचे मालक हिंजवडीत नोकरीला, त्यामुळे गाडी घर ते ऑफिस एवढीच फिरलेली. गाडी त्यांनी जपलीय मात्र, सीटवर चहाचा डागसुद्धा नाही.

गणपतीला चिपळूणला जायचंय. पुण्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. गाडीत आई, बायको, दोन पोरं, आणि येताना डिकीत नारळ असणारच. ऑफिसातल्या मित्राने विचारलं, "टायमिंग बेल्ट बघितलास का?" मी जुन्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, "बदललाय की, बिल आहे." आणि खरंच पाच मिनिटांत व्हॉट्सॅपवर बिल आलं. ६१,००० किमीला बेल्ट बदललाय, मजुरी धरून १,८५० रुपये.

म्हणजे आता निर्धास्त राहायला हरकत नाही ना? की लांबचा प्रवास आहे म्हणून पुन्हा बघून घेऊ? मित्राचं म्हणणं असंही की बेल्टऐवजी टायमिंग चेन असलेली गाडी घ्यायला हवी होती, चेनला कधी हात लावावा लागत नाही.

मिसफायर

बिल आहे ना? मग झालं. ६१ ला बदललाय, अजून ४०-५० हजार बघू नका. मोदक खा.

दहाचा_पाना

घाटवळण साहेब, १,८५० रुपयांत टायमिंग बेल्ट बदलून मिळत असेल तर त्या गॅरेजचा पत्ता द्या. माझी सगळी गिऱ्हाइकं तिकडंच पाठवतो आणि मी दुकान बंद करून शेतावर जातो.

तो फॅन बेल्ट आहे ओ. अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो तो, बाहेरचा. टायमिंग बेल्ट कव्हराच्या आत असतो, पिस्टन आणि व्हॉल्व्ह (हवा-धुराच्या झडपा) यांची वेळ जुळवून ठेवतो. बिलात नुसतं 'बेल्ट' लिहिलेलं असतं आणि मालकाला वाटतं मोठं काम झालं. मालक खोटं बोलला असंही म्हणत नाही मी, त्यालाच माहीत नसणार. दर महिन्याला अशी एक तरी गाडी येते. टायमिंगच्या बिलात पाच-सहा ओळी असतात: बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (मधली आधाराची पुली), वॉटर पंप, कूलंट, पुलीचा बोल्ट. एका ओळीचं बिल दिसलं की समजायचं.

घाटवळण

बापरे. मला दोन वेगळे बेल्ट असतात हेच माहीत नव्हतं.

सोनचाफा

तुमच्या गाडीचंच इंजिन माझ्याही गाडीत आहे, म्हणून एक सुचवते. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर सांगून सर्व्हिस हिस्टरी मागा. गाडी तिथे जात असेल तर कधी काय बदललं ते सगळं कॉम्प्युटरवर असतं. आमच्या गाडीचं असंच कळलं होतं. आणि गाडीचं माहितीपुस्तक उघडा. गाडीबरोबर आलेलं, ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत अजून असेल ते. त्यात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, आणि आधी जे येईल ते धरायचं असतं. आपल्याकडे सगळे किलोमीटरच धरून बसतात. तुमची गाडी दहा वर्षांची आहे ना? रबर पार्किंगमध्ये उभ्या उभ्यासुद्धा म्हातारं होतं.

मिसफायर

पण ताई, घाबरवण्यात अर्थ नाही. ७८,००० म्हणजे डिझेल इंजिन जेमतेम मोकळं होतं.

अर्धा_कप

घाबरवायला नाही, पण घडलेलं सांगतो. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण चूक माझी होती. सात वर्षं झाली होती, सर्व्हिसवाल्याने दोनदा सांगितलं होतं, मी "पुढच्या वेळी बघू" म्हणत राहिलो.

साताऱ्याहून पुण्याला येत होतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडून उतार उतरलो आणि इंजिन बंद. आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही. एसीचा वारा गरम झाला, स्टिअरिंग एकदम जड झालं, दिवे लागले. मला वाटलं डिझेल संपलं. कडेला घेतली आणि किल्ली फिरवली. एरवी स्टार्टर 'घर्र-घर्र-घर्र' असा अडखळत ओढतो ना, तसा आवाजच नाही. 'व्हीर्रर्र' करून मोकळा फिरला, शिवणाच्या मशीनमधला दोरा तुटल्यावर चाक फिरतं तसा. मी आणखी चार वेळा किल्ली मारली. मग मागून येणाऱ्या दोघांनी धक्काही मारून दिला, देव त्यांचं भलं करो.

टो करून आणली. बेल्टचे सात-आठ दात सपाट झाले होते. आठपैकी सहा व्हॉल्व्ह वाकलेले. हेड (व्हॉल्व्ह बसतात तो इंजिनाचा वरचा भाग) उतरवलं, गाइड बदलले, गॅस्केट आलं, पंधरा दिवस गाडी गॅरेजात. बिल ५४,००० रुपये. बेल्ट वेळेवर बदलला असता तर १२,००० त काम होतं.

दहाचा_पाना

अर्धा_कप भाऊ, त्या चार किल्ल्या आणि तो धक्का महागात पडला तुम्हाला. चालत्या गाडीत इंजिन असं मेलं आणि स्टार्टर मोकळा फिरल्यासारखा वाटला, तर किल्लीला परत हात लावायचा नाही. ढकल-स्टार्ट तर नाहीच नाही. टो करायची, तीही न्यूट्रलमध्ये.

बाकीच्यांसाठी थोडं उलगडून सांगतो. क्रँक आणि कॅम हे इंजिनातले दोन फिरते दांडे, टायमिंग बेल्ट त्यांना जोडतो. क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅम एक फेरा घेतो. कॅम व्हॉल्व्ह दाबतो, क्रँक पिस्टन वर आणतो. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त, म्हणून पिस्टन वर आला की हेडखाली जागा उरतच नाही. व्हॉल्व्ह खाली यायची जागा तीच आणि पिस्टन वर यायची जागाही तीच, फक्त वेळ वेगळी. माझी आजी आणि चुलत आजी एकाच उखळात समोरासमोर उभ्या राहून मुसळं घालायच्या. एक वर गेलं की दुसरं खाली. ताल आहे तोवर पोहे होतात. ताल चुकला की मुसळावर मुसळ. बेल्ट म्हणजे तो ताल.

नुसता एक-दोन दात सरकला तरी गाडी रडत चालते, धूर टाकते, पिकअप जातो. तुटला तर विषय संपला. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत एवढी जागा असते की बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत. आपली गाडी त्यातलीच असेल असं धरून बसायचं नाही.

व्हॉल्व्ह वाकलाय का हे बघायला आम्ही पोर्ट (हवा-धुराची वाट) वर येतील असं हेड ठेवून त्यांत पेट्रोल ओततो. व्हॉल्व्ह सरळ असेल तर थेंब खाली येत नाही. वाकलेला असेल तर कडेने पाझरतं. उद्यमनगरात गिऱ्हाइकाला उभं करून दाखवतो, म्हणजे बिलावर भांडण होत नाही.

म्युनिककर

अवांतर, पण राहवत नाही. मी राहतो तिथून तासाभरावर डिंगोल्फिंग आहे. तिथल्या ग्लास नावाच्या छोट्या कंपनीने १९६२ मध्ये १००४ ही गाडी काढली. कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेली, दातेरी बेल्टवर कॅम फिरवणारी ती पहिली गाडी. १९६६ मध्ये बीएमडब्ल्यूने ती कंपनीच विकत घेतली. त्याआधी बहुतेक सगळीकडे चेन नाहीतर गिअर. आपल्या अँबॅसडर आणि पद्मिनीतही चेनच होती. बेल्ट आला तो स्वस्त, हलका आणि आवाज न करणारा म्हणून. तेल लागत नाही, प्लॅस्टिकच्या कव्हराखाली कोरडा फिरतो. आत काचेच्या तंतूंची दोरी, वर रबर. तंतू थकतात ते बाहेरून दिसत नाही, हीच त्याची गोम.

इंडिगो_ते_इनोव्हा

मी नाशिकला टुरिस्टमध्ये गाड्या चालवतो. जुनी इनोव्हा, अडीच लिटर डिझेल, तिलाही बेल्टच आहे. डॅशबोर्डवर 'टी-बेल्ट' असा दिवा लागतो. आमच्यातले बरेच ड्रायव्हर समजतात की गाडीने बेल्ट तपासला आणि दिवा लावला. तसं काही नसतं. तो फक्त किलोमीटर मोजतो. ठरलेला आकडा आला की लागतो, मग बेल्ट नवा असो नाहीतर फाटका. बदलल्यावर दिवा रीसेट करावा लागतो. आणि कोणी बेल्ट न बदलताच रीसेट केला असेल तर? म्हणून जुनी इनोव्हा घेताना दिवा बंद आहे हा पुरावा धरू नका. क्रिस्टाच्या २.४ ला चेन आहे.

घाटवळण

सर्व्हिस सेंटरला फोन केला. सोनचाफाताई, धन्यवाद. ४७,००० पर्यंतची सगळी नोंद मिळाली, त्यात टायमिंग बेल्ट नाही. त्यानंतर गाडी बाहेरच्या गॅरेजात जात होती. म्हणजे बेल्ट दहा वर्षांचा असण्याची शक्यता बरीच. पण पूर्ण खात्री नाही. तरी प्रश्न उरतोच, ७८,००० म्हणजे फार झालं का? काहीजण दीड लाख म्हणतात, काहीजण ६०,०००.

गणिती_आळशी

किलोमीटर हा आकडा इथे फसवा आहे. ट्रॅक्टरला कोणी किलोमीटर विचारतं का? तास विचारतात, कारण उभं राहूनही इंजिन चालतंच. तुमच्या गाडीत सरासरी वेग दिसत असेल तर सांगा.

घाटवळण

ट्रिप रीसेट न करता गेले चार महिने २२ दाखवतंय. आधीच्या मालकांचंही हिंजवडीच होतं, तेव्हा त्याच्या आसपासच असणार.

गणिती_आळशी

मग करा हिशोब. ७८,००० ला २२ ने भागलं तर ३,५४५ तास. आता हायवेवरची गाडी घ्या, सरासरी ६० ने १,००,००० किमी गेलेली. तिचे तास होतात १,६६७. तुमच्या गाडीचे तास दुपटीहून जास्त.

ट्रॅफिकमध्ये आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) कमी असतो हे मान्य. सरासरी १,३०० धरा, हायवेवाल्याचा २,०००. तरी तुमच्या क्रँकने साडेसत्तावीस कोटी फेरे घेतले आणि लाखवाल्याने वीस कोटी. एसी लावून भूमकर चौकात उभं राहिलेला प्रत्येक पाऊण तास बेल्टच्या खात्यात जमा आहे, ओडोमीटरच्या नाही.

मिसफायर

हे पटलं. शब्द मागे घेतो. मोदक नंतर खा.

भंडाऱ्याची_भाकर

मग चेनवाले सुखी का? मी चेनवालाच आहे. 'लाइफटाइम' ऐकून घेतली होती.

तीन वर्षं ऑइल दर १०,००० ऐवजी १७-१८ हजारांवर बदलत गेलो. रनिंग जास्त, वेळ कमी. एक लाख साठ हजारांच्या पुढे सकाळी पहिल्या स्टार्टला 'खडखडखड' आवाज यायला लागला, दोन-तीन सेकंद, मग गप्प. डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा. गरम इंजिनाला काहीच नाही. मी म्हटलं थंडीचं असेल. नागपूरच्या मे महिन्यात पण येत होता, तेव्हा शंका आली. मग चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी००१६ आला. म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही.

दहाचा_पाना

भंडारा भाऊंनी नेमकी लक्षणं सांगितली. चेनचा टेन्शनर बहुतेक गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली उतरतं, सकाळी दाब यायला दोन सेकंद लागतात, तेवढ्यात सैल चेन गाइडवर (चेनला वाट दाखवणाऱ्या पट्टीवर) आपटते. चेन नवीन असेल तर सैलच नसते, म्हणून आवाज नसतो.

आणि लोक म्हणतात चेन 'ताणली', तर लोखंड काही रबरासारखं ताणत नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश थोडी थोडी झिजते. शंभरभर कड्यांची मिळून एवढीशी झीज, पण कॅमवर तिचा फरक पडतो. डिझेलच्या काळ्या ऑइलात काजळी असते, ती पॉलिश पेपरचं काम करते. म्हणून चेनची उमर किलोमीटरवर कमी आणि ऑइलच्या डब्यावर जास्त. ऑइल वेळेवर बदललेली चेन अडीच-तीन लाख गेलेली मी उघडून बघितली आहे, चकाचक.

चेन बदलायला घेतली की नुसती चेन टाकायची नाही. गाइड प्लॅस्टिकचे असतात, ते, टेन्शनर आणि स्प्रॉकेट (दातेरी चाकं) सगळं एकदम. जुन्या दात्यांवर नवी चेन म्हणजे नव्या चपलेला जुना अंगठा. इंजिनचं पुढचं कव्हर, कित्येक गाड्यांत ऑइलचा चेंबरही उतरतो, म्हणून मजुरी बेल्टपेक्षा जास्त.

सोनचाफा

एक भर घालते. आमच्या घरासमोर चढ आहे, नवरा त्याची दुसरी, चेनवाली गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक न लावता उतरायचा. मेकॅनिकने झापलं. गाडी मागे सरकली की इंजिन उलटं फिरू शकतं, त्या वेळी ऑइलचा दाब नसल्याने टेन्शनर सैल असतो, चेन दात सोडू शकते. तेव्हापासून आधी हँडब्रेक, मग गिअर, आणि चाकाला दगड.

इंडिगो_ते_इनोव्हा

कुठल्या गाडीला काय, ते कोणी एकदा लिहा राव. स्टँडवर रोज यावर वाद.

दहाचा_पाना

डोक्यात आहेत तेवढ्या लिहितो. बेल्ट: मारुती ८००, जुनी झेन, एस्टीम, जुनी सँट्रो, इंडिका डिझेल, जुनी इनोव्हा २.५, डस्टर आणि लोगन डिझेल, पोलो-व्हेंटो-रॅपिडच्या टीडीआय, त्यांचंच एक लिटर टीएसआय, हॅरियर आणि जीप कंपासचं दोन लिटर डिझेल. चेन: मारुतीची के-सीरीज, स्विफ्ट-डिझायर-पुंटोतलं १.३ डिझेल, आय१० चं कप्पा, होंडाची आय-व्हीटेक, स्कॉर्पिओ-एक्सयूव्ही५०० चं एमहॉक. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार इंजिन बदलतं, म्हणून नावावर जाऊ नका, इंजिनावर जा.

तिसरा प्रकार म्हणजे ऑइलात बुडालेला बेल्ट. इकोस्पोर्टचं एक लिटर इकोबूस्ट तसं आहे. तिथं भलतंच ऑइल घातलं किंवा उशिरा बदललं तर रबर सुटून त्याचे कण ऑइलच्या जाळीत अडकतात, आणि बेल्ट तुटायच्या आधीच ऑइलचा दाब जातो. त्या गाडीला पुस्तकातल्या ग्रेडचंच ऑइल. त्यात माझं-तुझं नाही.

अर्धा_कप

जाता जाता, घाटवळण, बाहेरचा फॅन बेल्टही बघून घ्या. तो उसवला तर त्याचे धागे क्रँक पुलीमागून टायमिंगच्या कव्हरात ओढले जातात आणि धडधाकट टायमिंग बेल्टचा दात सोडवतात. माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं अगदी तसंच झालं.

घाटवळण

अपडेट. शनिवारी गाडी ओळखीच्या गॅरेजमध्ये नेली. काम होईपर्यंत स्टूल टाकून बसलो होतो, जमेल तसं सांगतो.

मेकॅनिकने आधी बेल्टकडे बघितलंच नाही. उजवं चाक काढलं, आतलं प्लॅस्टिक काढलं आणि टॉर्च मारून बोल्टांची डोकी बघत बसला. म्हणाला, "दादा, या बोल्टांना पाना लागलेलाच नाही." खरंच, डोक्याच्या कोपऱ्यांवरचा रंग जसाच्या तसा, वर धुळीचा एकसारखा थर. कारखान्यात बसवला तो हाच बेल्ट, याची खात्री मला तिथे झाली.

वरचं कव्हर काढल्यावर मात्र माझीच पंचाईत. बेल्ट बघायला चांगला होता! भेगा नाहीत, कडा उसवलेल्या नाहीत. पाठीवरची छपाई तेवढी पुसली होती. मी म्हटलं, उगाच घाई केली का? त्याने बेल्ट काढून हातात दिला आणि म्हणाला, दात बाहेर येतील असा उलटा वाकवा. वाकवल्यावर दोन दातांच्या मधे, मुळाशी, केसासारख्या रेषा उघडल्या. सगळीकडे नाही, वीतभर भागात. सरळ सोडला की परत मिटल्या. गाडीत बसलेला असताना त्या कुणालाच दिसल्या नसत्या.

वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे तोही बदलला. जुन्या पंपाच्या खाली गुलाबी पांढरट ओघळ सुकलेला होता, कूलंटचा. टेन्शनर हाताने फिरवला तर वाळू दळल्यासारखा आवाज. नाना पेठेतून किट आणलं होतं, पंपासकट, आणि पुलीचा बोल्ट नवा. इंजिन खालून जॅकवर तोललं, उजवं माउंटिंग सोडलं, कॅमला आणि क्रँकला पिना लावून जागा धरली, मग जुना उतरवून नवा घातला. शेवटी पिना काढून पान्याने इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं आणि पिना परत बसतात का ते बघितलं. बसल्या. तोपर्यंत तो मेकॅनिक पोरगा किल्लीजवळ कुणाला फिरकू देत नव्हता. सगळं धरून १३,४०० रुपये आणि पाच तास.

दहाचा_पाना

पोरगा तयार आहे. हाताने दोन फेरे न फिरवता किल्ली मारणारे बघितलेत मी. जुना बेल्ट आणि पंप मागून घेतला ना?

घाटवळण

घेतला. बेल्ट आईने मागून घेतला, पाटाखाली घालायला. पाट डुगडुगतो म्हणे.

सोनचाफा

कव्हरवर किलोमीटर आणि तारीख लिहून घेतली का? पुढच्या मालकाला तुमच्यासारखं बोल्टची डोकी बघत बसायला नको.

घाटवळण

मार्करने लिहिलंय, बॉनेट उघडल्यावर दिसेल असं. बिलावरही 'टायमिंग' हा शब्द लिहून घेतला, अक्षर मेकॅनिकचंच.

मिसफायर

माझी सँट्रो २००७ ची आहे. ४१,००० किमी. आत्ताच ग्लोव्ह बॉक्समधलं पुस्तक शोधतोय.